कोष्टक मांडणारी आज्ञावली

लॉग टेबलचे पातळ पुस्तक अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्याचे कोणतेही पान उघडा. डाव्या कडेला संख्या, वरच्या ओळीत शून्यापासून नऊपर्यंतचे अंक, आणि मधल्या जागेत रांगेने उभे असलेले शेकडो आकडे. आपण एक बोट आडवे नेतो, दुसरे वरून खाली आणतो आणि दोन्ही बोटे जेथे भेटतात तेथला आकडा निमूटपणे वहीत उतरवून घेतो. तो चुकीचा असेल अशी शंकाही आपल्या मनाला शिवत नाही.

या विश्वासासाठी दोन गोष्टी बरोबर असाव्या लागतात. एक तर आकडा बरोबर हवा, आणि दुसरे म्हणजे तो बरोबर जागी हवा. २.३५ चा लॉगॅरिथम २.३६ च्या ओळीत छापला गेला, तर आकडा खरा असूनही कोष्टक खोटे ठरते. गणिताच्या पुस्तकात आपण पहिल्या गोष्टीचा पुष्कळ विचार करतो. या लेखात आपण दुसऱ्या गोष्टीचा विचार करणार आहोत. आकड्यांना जागच्या जागी बसवून सुबक कोष्टक छापून देणारी आज्ञावली, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, कशी रचावी? हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

चुकांची नक्कल

जॉन नेपियर यांनी लॉगॅरिथमचे पहिले कोष्टक १६१४ साली प्रसिद्ध केले. हेन्री ब्रिग्ज यांनी दहा हा पाया धरून नवी कोष्टके केली, आणि हॉलंडमधील आड्रियान व्लाक यांनी १६२८ साली ती पूर्ण करून खाउडा या गावी छापली. पुढे दोन शतके जगभरची लॉग टेबले बहुतांशी या कोष्टकांवरूनच तयार होत गेली. पण नक्कल करताना खऱ्या आकड्यांबरोबर चुकाही उतरत जातात. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८२७ साली निरनिराळ्या देशांतली लॉग टेबले शेजारी शेजारी ठेवून तपासली, तेव्हा त्याच त्याच जागी त्याच त्याच चुका त्याला आढळल्या. चीनमध्ये छापलेल्या कोष्टकातही त्या होत्या! चूक सारखी असेल तर उगमही एकच, हे उघड झाले.

लार्डनर नावाच्या लेखकाने १८३४ साली एक हिशेब मांडला. त्याने सहज हाती आलेले चाळीस कोष्टक-ग्रंथ घेतले. त्यांच्या शुद्धिपत्रांत मिळून सुमारे ३,७०० चुका कबूल केलेल्या होत्या. या तर केवळ सापडलेल्या चुका. त्या काळी जहाजांचे कप्तान असल्याच कोष्टकांवरून भर समुद्रात आपली जागा ठरवीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

कोष्टकात चूक शिरण्याच्या वाटा तीन. आकडेमोड करताना चूक होते. केलेली आकडेमोड स्वच्छ कागदावर उतरवताना चूक होते. आणि जुळारी म्हणजे कंपॉझिटर खिळे जुळवतो तेव्हा चूक होते. १८२१ साली बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टके तपासायला बसले होते. चुकांमागून चुका निघू लागल्या आणि हे काम वाफेच्या यंत्राने का होऊ नये, असा विचार बॅबेजच्या मनात आला. त्यातूनच त्याच्या 'डिफरन्स एंजिन' या यंत्राची कल्पना निघाली.

हे यंत्र आकडेमोड करणारे म्हणून प्रसिद्ध आहे. पण बॅबेजचा खरा धोरणीपणा पुढे आहे. केवळ गणित यंत्राने करून भागणार नाही, कारण उरलेल्या दोन वाटा उघड्याच राहतात, हे त्याने ओळखले. म्हणून यंत्रानेच आकडे मऊ लगद्यात उमटवावेत आणि त्या साच्यावरून छपाईचा ठसा ओतावा, अशी योजना त्याने केली. मध्ये माणसाचा हात नाही. १८४७ ते १८४९ या काळात आखलेले त्याचे दुसरे यंत्र त्याच्या हयातीत झाले नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने मूळ आराखड्यांवरून त्याचा गणिती भाग १९९१ साली आणि छपाईचा भाग २००२ साली पुरा केला. एकंदर सुटे भाग सुमारे ८,०००. त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या छपाईच्या भागाचे!

इतके भाग कशाला? कारण या छपाईयंत्रात पानाची मांडणी बदलण्याची सोय होती. दोन ओळींत अंतर किती, पानावर रकाने किती, रकान्यांमध्ये मोकळी जागा किती, काही ओळींनंतर एक कोरी ओळ सोडायची की नाही, हे सारे ठरवता येत होते. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही मांडणी बदलताना गणिताच्या चाकांना हात लावावा लागत नव्हता. कोष्टकात काय आहे हे एका भागाचे काम. ते कसे दिसावे हे दुसऱ्या भागाचे काम. हे सूत्र आपण पदराशी बांधून ठेवू या. पुढे तेच उपयोगी पडणार आहे.

साधे कोष्टक, अवघड प्रश्न

आता एक छोटे कोष्टक घेऊ. पदार्थ आणि त्यांची घनता, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर या एककात:

सोने: १९.३
पारा: १३.६
ॲल्युमिनियम: २.७
पाणी: १.०
हवा: ०.००१३

हे कोष्टक छापायचे तर दशांश चिन्हे एकाखाली एक यायला हवीत. तसे झाले तर सोने ॲल्युमिनियमपेक्षा किती जड, हे डोळ्याला न वाचताच दिसते. सगळे आकडे डावीकडे टेकवले तर १९.३ मधल्या एकाखाली हवेच्या ०.००१३ मधले शून्य येईल, आणि हवेचा आकडा सर्वांत लांब म्हणून सर्वांत मोठा भासेल. मांडणी अशी खोटे बोलू शकते.

मग या रकान्याची रुंदी किती ठेवावी? चटकन सुचणारे उत्तर म्हणजे सर्वांत लांब आकड्याइतकी. सर्वांत लांब आकडा ०.००१३. प्रत्येक अंकाला एक घर आणि दशांश चिन्हालाही एक घर धरले, तर त्याला सहा घरे लागतात. पण सहा घरांत हा रकाना मावत नाही! दशांश चिन्हाच्या डावीकडे सर्वांत जास्त जागा सोन्याला लागते, दोन घरे. उजवीकडे सर्वांत जास्त जागा हवेला लागते, चार घरे. मध्ये चिन्हाचे एक घर. २ + १ + ४ = ७. म्हणजे रकाना त्यातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा रुंद ठेवावा लागतो.

शेजारच्या पदार्थांच्या नावांच्या रकान्याला मात्र पहिलाच नियम पुरतो: सर्वांत लांब नाव, म्हणजे 'ॲल्युमिनियम', तेवढी रुंदी. एकाच कोष्टकातले दोन शेजारी आपापली रुंदी निरनिराळ्या नियमांनी काढतात.

आणखी एक गोष्ट पाहा. पहिली ओळ छापण्यापूर्वी शेवटची ओळ वाचलेली असली पाहिजे, कारण सर्वांत रुंद मजकूर शेवटच्या ओळीतही असू शकतो. बॅबेजच्या यंत्रात ही अडचण नव्हती. तेथे प्रत्येक आकड्याची घरे आधीच ठरलेली होती. डोनाल्ड क्नूथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७७ साली 'टेक' ही अक्षरजुळणीची आज्ञावली रचायला घेतली. आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांना मनासारखी वाटली नव्हती, हे त्याचे कारण. टेकमध्ये कोष्टक आधी सबंध वाचले जाते, प्रत्येक रकान्यातली सर्वांत रुंद चौकट शोधली जाते आणि मगच मांडणीला सुरुवात होते.

वस्तू आणि निरोप

हे काम करणारी आज्ञावली सरळसोट, एकाखाली एक आज्ञा लिहून करता येते. रकाना शब्दांचा असेल तर असे कर, दशांशाचा असेल तर तसे कर. कागदावर छापायचे असेल तर अमुक, पडद्यावर दाखवायचे असेल तर तमुक. पण असे 'जर-तर' वाढत गेले की त्यांचा गुंता होतो. तीन प्रकारचे रकाने आणि तीन ठिकाणची छपाई धरली तर नऊ जोड्या झाल्या. चौथा प्रकार आला की बारा. प्रत्येक वेळी सगळी आज्ञावली उकलून पाहावी लागते, आणि एक धागा ओढताना दुसरा तुटतो.

यावर दुसरी एक पद्धत आहे. तिला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत म्हणतात. आपण तिला 'वस्तुकेंद्री' म्हणू. तिचा उगम नॉर्वेत झाला. ओस्लो येथील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी 'सिम्युला ६७' ही भाषा रचली. खऱ्या जगातील व्यवहारांची नक्कल कॉम्प्युटरवर करावी, हा त्यांचा हेतू होता. अशा नक्कलेत प्रत्येक जहाज, प्रत्येक गिऱ्हाईक ही एक स्वतंत्र वस्तू मानणे सोयीचे पडते. पुढे अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात 'स्मॉलटॉक' ही भाषा करून या कल्पनेला व्यापक रूप दिले.

कल्पना अशी. आज्ञावली म्हणजे अनेक वस्तूंचा समूह. प्रत्येक वस्तूजवळ स्वतःपुरती माहिती असते आणि काही कामे तिला येतात. एक वस्तू दुसरीच्या पोटातली माहिती परस्पर उचलत नाही. तिला निरोप पाठवते आणि उत्तर घेते. सारख्या स्वभावाच्या वस्तूंचा एक 'वर्ग' असतो. एकच निरोप निरनिराळ्या वर्गांच्या वस्तूंना पाठवला, तर प्रत्येक वस्तू तो आपल्या रीतीने पार पाडते. शिक्षक सबंध वर्गाला 'उभे राहा' म्हणतात तेव्हा प्रत्येकाने कोणते स्नायू कसे हलवायचे हे सांगत बसत नाहीत, तसेच हे.

पण वस्तू कोणत्या करायच्या? सगळे कौशल्य या निवडीत आहे. येथे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मांडलेला विचार फार कामाचा आहे. आज्ञावलीचे तुकडे कामाच्या क्रमाप्रमाणे पाडू नयेत, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे जी गोष्ट बदलण्याचा संभव आहे ती हेरावी, आणि तिला एका घटकाच्या, म्हणजे एका मॉड्यूलच्या, पोटात लपवावे. मग ती गोष्ट बदलली तरी बाकीच्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

आपल्या कोष्टकात काय काय बदलू शकते? रकान्यातील मजकुराचा प्रकार. आकडा लिहिण्याची पद्धत. आणि कोष्टक कोठे छापायचे ते. या प्रत्येकासाठी आपण एक वर्ग करू.

रकाना

'रकाना' या वर्गाच्या वस्तूला आपले शीर्षक ठाऊक असते, एकक ठाऊक असते आणि आपला मजकूर कोठे टेकवायचा हेही ठाऊक असते. 'तुझी रुंदी किती?' या निरोपाला तिने उत्तर दिले पाहिजे. रकान्याचे तीन पोटवर्ग करू. 'शब्द-रकाना' मजकूर डावीकडे टेकवतो. 'पूर्णांक-रकाना' उजवीकडे टेकवतो, म्हणजे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येते. 'दशांश-रकाना' दशांश चिन्हावर टेकतो. रुंदी विचारली की पहिले दोघे सर्वांत रुंद चौकट शोधतात. तिसरा मात्र डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजून बेरीज करतो. शीर्षक याहून रुंद असेल तर तिघेही शीर्षकाची रुंदी देतात. विचारणाऱ्याला यातले काहीच कळण्याचे कारण नाही. त्याला फक्त एक संख्या मिळते.

रकान्यांची अशी वर्गवारी नवी नाही. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी १९७० नंतरच्या दशकात युनिक्ससाठी कोष्टकांची एक छोटी भाषा केली होती. तिच्यात रकाना डावा, उजवा, मध्यावरचा की अंकांचा, हे एकेका अक्षराने सांगता येत असे.

अंक-लेखक

दुसरा वर्ग 'अंक-लेखक'. त्याला संख्या द्यावी, त्याने ती अक्षरांत लिहून द्यावी. एकच संख्या मराठी वृत्तपत्रात १२,३४,५६७ अशी लिहितात आणि इंग्लंडच्या वृत्तपत्रात १,२३४,५६७ अशी. अंक देवनागरी हवेत की आंतरराष्ट्रीय, दशांश स्थळे किती, स्वल्पविराम कोठे, हे सारे अंक-लेखकाच्या पोटात राहील. कोष्टकाला एक अंक-लेखक काढून दुसरा दिला की सबंध कोष्टकाचे अंक बदलतील. रकान्यांना हात लावावा लागणार नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. १०० चे तीन समान भाग करून कोष्टकात दाखवायचे आहेत. एका दशांश स्थळापर्यंत प्रत्येक भाग ३३.३ असा छापला जाईल. आज्ञावलीने संख्या साठवतानाच ती ३३.३ अशी छाटली, तर तळाची बेरीज ९९.९ येईल आणि १०० मधला ०.१ नाहीसा होईल. म्हणून चौकटीत मूळ संख्या पूर्णपणे जपावी. दशांश स्थळे कमी करणे हे केवळ दाखवण्याचे काम आहे. ते अंक-लेखकाने शेवटच्या क्षणी करावे. 'काय आहे' आणि 'कसे दिसते' यांची फारकत कशासाठी, ते या ०.१ वरून कळावे.

शून्य आणि रिकामी चौकट

चौकट ही सर्वांत लहान वस्तू. तिच्यात संख्या किंवा शब्द असतो, इतके म्हणून भागेल का? एक उदाहरण घ्या. पाच विद्यार्थ्यांचे एका चाचणीतले गुण असे: १८, १५, गैरहजर, २०, १७. गैरहजर म्हणजे शून्य असे धरले तर बेरीज ७० आणि सरासरी ७० ÷ ५ = १४. गैरहजर विद्यार्थी मोजायचाच नाही असे धरले तर सरासरी ७० ÷ ४ = १७.५. केवढा फरक! प्रयोगशाळेतही असेच घडते. वाचन शून्य आले, आणि वाचन घेतलेच नाही, या दोन गोष्टी पूर्णपणे भिन्न आहेत.

म्हणून 'संख्या आहे', 'माहिती नाही' आणि 'लागू नाही' या तीन स्थिती चौकटीला स्वतंत्रपणे ठाऊक असाव्यात. छापताना कोठे आडवी रेघ येईल, कोठे 'गै.ह.' येईल, ते मागाहून ठरवता येते. पण मुळात शून्य आणि अभाव यांची सरमिसळ झाली, तर नंतर कितीही सुंदर छपाई केली तरी ते कोष्टक वाचणाऱ्याला फसवील.

जुळारी

आता शेवटचा आणि सर्वांत कष्टाळू वर्ग. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कारागिराच्या नावावरून आपण त्याला 'जुळारी' म्हणू. त्याला चार निरोप कळतात: कोष्टक सुरू कर, चौकट मांड, रेघ ओढ, कोष्टक संपव. कोष्टक हे निरोप पाठवीत जाते. समोर कोणता जुळारी आहे याची चौकशी ते करीत नाही.

असे तीन जुळारी करू. 'साधा-जुळारी' पडद्यावर समान रुंदीच्या अक्षरांत कोष्टक दाखवतो. तो प्रत्येक रकान्याला रुंदी विचारतो आणि उरलेल्या जागेत कोरी घरे भरतो. हातजुळणीत जुळारी कोरे खिळे भरीत असे, तेच काम. 'टेक-जुळारी' टेकला कळतील अशा खुणा लिहून देतो. टेक स्वतःच रुंदी मोजते, म्हणून तो रकान्यांना रुंदी विचारीतच नाही. दशांश-रकाना आला की तो एक युक्ती करतो: त्याचे दोन रकाने पाडतो, पूर्णांकाचा भाग उजवीकडे टेकवतो, अपूर्णांकाचा डावीकडे, आणि मध्ये दशांश चिन्ह ठेवतो. 'वेबपान-जुळारी' वेबपानाच्या भाषेत लिहितो.

प्रत्येक जुळाऱ्याला आपल्या भाषेतले धोके माहीत असले पाहिजेत. टेकमध्ये & हे चिन्ह दोन रकान्यांमधली भिंत असते. चौकटीतल्या मजकुरातच हे चिन्ह आले तर टेक तेथे नवा रकाना सुरू करते आणि पुढचे सारे आकडे एक घर सरकतात. % या चिन्हाची गंमत त्याहून वाईट. ते दिसले की टेक त्या ओळीतला पुढचा मजकूर न वाचताच सोडून देते. '८५%' असे भोळेपणाने लिहिले तर त्या ओळीतले पुढचे आकडे गडप! म्हणून टेक-जुळाऱ्याने अशा चिन्हांपूर्वी ठराविक खूण लावूनच ती पुढे पाठवावीत. वेबपानाच्या भाषेत < हे चिन्ह असेच जपून वापरावे लागते. हे ज्ञान फक्त जुळाऱ्याला असावे. चौकटीने निर्धास्तपणे '८५%' म्हणावे.

देवनागरीची कसोटी

साध्या-जुळाऱ्यापुढे मराठी मजकूर आला की त्याची खरी परीक्षा होते. 'कमल' या शब्दात कॉम्प्युटर तीन चिन्हे साठवतो. 'विज्ञान' या शब्दात मात्र सात: व, इकार, ज, हलन्ताची खूण, ञ, काना आणि न. वाचताना अक्षरे दिसतात तीनच: वि, ज्ञा, न. 'श्री' तर एकच अक्षर, पण साठवलेली चिन्हे चार. चिन्हे मोजून रुंदी ठरवणारी आज्ञावली 'विज्ञान'ला 'कमल'च्या दुपटीहून अधिक जागा देईल, आणि मराठी कोष्टकातले रकाने वेडेवाकडे होतील. इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतून मराठी तक्ते काढताना हा दोष हमखास दिसतो.

म्हणून रुंदी मोजण्याचे काम रकान्याने स्वतः करू नये. त्यासाठी 'मापक' नावाची आणखी एक वस्तू ठेवावी. मापकाला मजकूर द्यावा, त्याने वापरात असलेल्या अक्षरवळणाप्रमाणे त्याची खरी रुंदी सांगावी. कोणते वळण वापरायचे ते जुळाऱ्याला ठाऊक असते, तेव्हा मापक जुळाऱ्यानेच रकान्याच्या हाती द्यावा. आज इंग्रजीसाठी एक मापक, उद्या मराठीसाठी दुसरा. रकाना तोच राहतो.

सगळे जुळून येते तेव्हा

आता आपले घनतेचे कोष्टक कसे मागवायचे ते पाहा. मराठीत लिहायचे तर असे:

पदार्थ = नवा शब्द-रकाना "पदार्थ"
घनता = नवा दशांश-रकाना "घनता", एकक "ग्रॅम प्रति घन सेंमी"
तक्ता = नवे कोष्टक, रकाने: पदार्थ, घनता
तक्ता, ओळ जोड: "सोने", १९.३
तक्ता, ओळ जोड: "हवा", ०.००१३
तक्ता, छाप: टेक-जुळारी

हेच कोष्टक वेबपानावर हवे असेल तर फक्त शेवटची ओळ बदलायची. रकान्यांचे तीन प्रकार आणि तीन जुळारी मिळून नऊ जोड्या होत्या; आपण लिहिले मात्र ३ + ३ = ६ वर्ग. रकान्याचा चौथा प्रकार आला तर बहुधा एकच वर्ग वाढेल. गुणाकाराच्या जागी बेरीज आली, हा या रचनेचा मोठा लाभ.

त्याहून मोठा लाभ असा, की १९.३ हा आकडा सबंध व्यवहारात एकदाच लिहिला गेला. पुस्तकासाठी वेगळा आणि वेबपानासाठी वेगळा असा तो कोणी पुन्हा उतरवून घेतला नाही. नकलेतून चूक शिरण्याची वाट बंद झाली. बॅबेजने ८,००० भागांच्या यंत्रातून जे साधायचे ठरवले होते, तेच हे.

अर्थात यालाही मर्यादा आहेत. मूळ आकडा चुकीचा असेल तर उत्तम आज्ञावलीही तो चुकीचाच, पण अधिक देखणा छापील. आणि पाच ओळींचे एकच कोष्टक आयुष्यात एकदा छापायचे असेल, तर त्यासाठी इतके वर्ग रचणे म्हणजे वाटीभर दुधासाठी म्हैस पाळणे. जे बदलण्याचा संभव नाही ते लपवण्याची गरज नाही. काय बदलेल याचा अदमास घेता येणे, हेच रचनाकाराचे कसब.

करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, कॉम्प्युटर जवळ नसला तरी हा खेळ वर्गात करता येईल. एकाने 'कोष्टक' व्हावे, दोघांनी 'रकाने', एकाने 'अंक-लेखक' आणि एकाने फळ्यापाशी उभे राहून 'जुळारी'. प्रत्येकाजवळ आपली माहिती एका चिठ्ठीवर असावी आणि ती दुसऱ्याला दाखवू नये. फक्त प्रश्न विचारावा आणि उत्तर घ्यावे. तुमच्या प्रयोगवहीतले एखादे कोष्टक अशा रीतीने फळ्यावर उतरवा. मग मध्येच अंक-लेखक बदला: देवनागरी अंकांऐवजी आंतरराष्ट्रीय अंक. बाकीच्यांपैकी कोणालाही आपली चिठ्ठी बदलावी लागली नाही, तर तुमची रचना साधली. कोणाला बदलावी लागली, तर त्याच्या चिठ्ठीवर कोणती गोष्ट नको तेथे येऊन बसली आहे, ते शोधून काढा. तो शोध हाच या विषयातला पहिला धडा आहे.